एक्केचाळीस नंबरची बाई

मॅडमनी गठ्ठ्यातून एक फॉर्म काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "हे जरा ऐका." मग त्या वाचायला लागल्या, आणि आपणच लिहिलेली वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कशी लागतात ते त्याला कळलं. काही विशेष लागत नव्हती. फक्त कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या आणि समोरच्या बाकावरच्या मुलीच्या स्वेटरचा एक धागा निघाला होता, तो ओढावा की नाही असा विचार त्याच्या डोक्यात चालला होता. "'रविवारी संध्याकाळी मी मासिक उघडते आणि वाचत नाही,'" मॅडम वाचत होत्या. "'घरातून माणूस गेलं की हात मोकळे होतात. मोकळ्या हातांना काहीतरी धरायला लागतं म्हणून उघडते. पानं उलटताना आवाज होतो, तेवढा बरा वाटतो.'" वर्गात कुणीतरी खोकलं. मॅडमनी फॉर्म उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला त्या बाईचा पत्ताच असणार होता. "एक्केचाळीस नंबर. बाई, वय सत्तेचाळीस, चार वर्षांपासून एकटी राहते. तुमच्या साठ फॉर्मांमध्ये मला एवढा एकच माणूस भेटला. बाकीच्यांनी रकाने भरलेत. ह्या बाईंची सविस्तर मुलाखत हवी. पुढच्या बुधवारपर्यंत आणा." तो हो म्हणाला. हो म्हणायला काहीच कष्ट पडले नाहीत.

पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येक जोडीने एक मासिक काढून दाखवायचं असतं. एकच अंक, बत्तीस पानं. पण त्याआधी वाचक कोण, तो काय वाचतो, काय वाचत नाही आणि बाजारात त्याच्यासाठी आधीच काय आहे, ह्याचं संशोधन करून द्यावं लागतं, आणि निम्मे गुण त्यालाच असतात. त्याचा जोडीदार वर्गात 'संपादक' म्हणून ओळखला जायचा, कारण पहिल्याच दिवशी त्यानं ओळख करून देताना स्वतःला संपादक म्हणवून घेतलं होतं आणि मग ते नाव चिकटलं ते चिकटलंच. कल्पना संपादकाची: एकट्या राहणाऱ्यांसाठी मासिक. एका माणसापुरता स्वयंपाक, एकट्याचा प्रवास, आजारी पडल्यावर काय करायचं, असं. संशोधन ह्याच्याकडे आलं, कारण ह्याला मोजायला आवडायचं. वाचनालयात बसून त्यानं बावीस मासिकं मोजली होती. फूटपट्टीनं रकाने मोजले, जाहिराती मोजल्या, फोटोंतली माणसं मोजली. बावीस मासिकांत जेवणाच्या टेबलावर एकटं बसलेलं माणूस तीनदा सापडलं. त्यातली दोन माणसं विम्याच्या जाहिरातीतली होती आणि तिसऱ्याला अपचन झालं होतं. हे वाक्य त्यानं अहवालात घातलं तेव्हा संपादक पोट धरून हसला होता आणि त्यालाही बरं वाटलं होतं.

फॉर्म भरून घेणं मात्र मोजण्याइतकं सोपं नव्हतं. ज्या लाँड्रीत नाणं टाकून यंत्रात कपडे धुता येतात तिथे एकटी राहणारी माणसं सापडतात, हे त्याला दुसऱ्या दिवशी सुचलं. माणूस चाळीस मिनिटं अडकून बसतो आणि समोर आपलेच कपडे गरगर फिरताना बघतो, अशा वेळी त्याच्यापुढे कुणी काहीही धरलं तरी तो भरून देतो. पण भरून देणं वेगळं. तुम्ही मासिक कुठे वाचता? "घरी." कधी वाचता? "वेळ मिळेल तेव्हा." कशासाठी वाचता? "वेळ जायला." एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सगळ्या प्रश्नांपुढे टीव्हीवरच्या कार्यक्रमांची नावं लिहून दिली, सुंदर अक्षरात. एका मुलीनं 'एकटे राहता का' ह्यापुढे 'सध्या' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. अकरा दिवसांत एकोणसाठ फॉर्म झाले. प्रस्तावात साठ लिहिले होते. साठावा मिळाला नसता असं नाही, एखादा तास आणखी बसलं असतं तर मिळाला असता. पण त्या दुपारी वाचनालयात तो एकटाच होता, कोरा फॉर्म समोर होता, आणि 'वय' ह्या शब्दापुढे त्याच्या हातानं सत्तेचाळीस लिहिलं. आईचं वय. मग पुढचं आपोआप येत गेलं. इतकं आपोआप की आपण खोटं लिहितो आहोत असं त्याला वाटलंच नाही. उलट इतके दिवस इतरांच्या 'वेळ मिळेल तेव्हा'नंतर पहिल्यांदाच कुणीतरी नीट बोलतं आहे असं वाटलं. अक्षर डावीकडे कललेलं काढलं. शेवटी ठेवला तर नजरेत येईल म्हणून गठ्ठ्याच्या मध्ये सरकवला आणि सगळ्यांवर क्रमांक टाकले. एक्केचाळीस आला.

"कोण रे ही?" तास संपल्यावर जिन्यात संपादकानं विचारलं. "लाँड्रीतली?"

"हो."

"भारी बाई आहे. फोटो मिळेल का? तोंड नको दिसायला. नुसते हात, मासिक धरलेले."

"विचारतो."

"आणि खोलीचं काय? घरमालकिणीला पुढच्या शुक्रवारी नक्की सांगायचंय. पुढच्या सत्रापासून दोघं म्हणून सांगितलंय मी. घरी बोललास ना?"

"बोलतो की." हे 'बोलतो' तो तीन आठवडे बोलत होता. खोली कॉलेजपासून सात मिनिटांवर होती, त्याचं घर दीड तासावर. बाबा नाही म्हणणार नव्हते. बाबा कशालाच नाही म्हणायचे नाहीत, फक्त बोलायचे. ते गाडी चालवायला शिकवायचे. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, सतत बोलत राहायचं हे त्यांचं काम. आरसा बघ, आता हळू, आता डावीकडे, छान, घाबरू नकोस, समोरचा थांबलाय तू पण थांब. घरी आल्यावर ते थांबायचं नाही. वरचं कपाट उघड, सांभाळून, कोपरा लागेल, हं, आता ती बरणी घे. लहानपणी त्याला वाटायचं की बाबांनी बोलणं थांबवलं तर घर कुठल्यातरी खांबावर जाऊन आदळेल. आईच्या कामात बोलायचं नव्हतं. ती एका हॉस्पिटलात कानांची तपासणी करायची. आवाज आत न येणारी एक छोटी खोली, आत माणूस हेडफोन घालून बसलेला, काचेच्या ह्या बाजूला आई. एक बारीक सूर सोडायचा आणि वाट बघायची. ऐकू आला तर तो माणूस बटण दाबतो. आणखी बारीक. आणखी बारीक. उजव्या कानाला आलेखावर गोल, डाव्याला फुली. दिवसभर असं. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा बाबा दारातच सुरू झालेले असायचे, आणि आई चप्पल काढता काढता हसून 'हं' म्हणायची. ते 'हं' बाबांना पुरायचं. त्या दोघांचं भांडण झालेलं त्याला आठवत नाही. एका बुधवारी सकाळी ती दोन बॅगा घेऊन गेली, एवढंच आठवतं. जाण्याआधी तिनं औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवली होती: तापाची गोळी कुठे, त्याला कुठली चालत नाही, डॉक्टरांचा नंबर. मग ती त्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली. तो सतरा वर्षांचा होता आणि त्याच्या कानांत गाणी होती. एका कानातलं काढून त्यानं तिच्याकडे पाहिलं. "येतोस का माझ्याबरोबर?" ती म्हणाली. "माझी परीक्षा आहे," तो म्हणाला. परीक्षेला सात आठवडे होते. "बरोबर आहे," आई म्हणाली, आणि तो पुन्हा कानात घालायच्या आत बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला. सावकाश लावलेल्या दाराचा. त्यानंतर एक रविवार आड तो तिच्याकडे जेवायला जायचा. मोजे आहेत का, दात दाखवलास का, अशी बोलणी व्हायची. संध्याकाळी पाच वाजता ती म्हणायची, "चल, तुला उशीर होईल," आणि तो निघायचा. पायऱ्या उतरताना दर वेळी त्याला दिसायचं की आई आत एकटीच टेबलाशी बसली आहे, आणि उजेड कमी होत चालला आहे. प्रत्यक्षात त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पण चार वर्षं त्यानं ते चित्र जपलं होतं. त्या चित्रात आईला त्याची उणीव भासत होती, आणि त्यामुळे सात आठवड्यांवरच्या त्या परीक्षेच्या सबबीचं काहीतरी फिटत होतं.

म्हणजे एक्केचाळीस नंबरची बाई हवेतून आली नव्हती. तिची मुलाखत घ्यायची तर घर माहीत होतं. रविवारी तो नेहमीच्या वेळी गेला, दोघं जेवली, सूप आणि पाव आणि सफरचंदाच्या फोडी, आणि मग त्यानं फोन टेबलावर ठेवून म्हटलं, "आई, कॉलेजचं काम आहे. तुझी मुलाखत घ्यायचीय. एकट्या राहणाऱ्या वाचकांवर."

"माझी?" आईनं हात पुसले. मग तिच्यातली कामावरची बाई जागी झाली. तिनं फोन उचलून टेबलावर घडी केलेला टॉवेल घातला, त्यावर फोन ठेवला. "नुसत्या लाकडावर ठेवला की ठोके ऐकू येतात. खिडकी लावते. फ्रिज बंद करू का? त्याचा गुरगुराट येईल बघ." फ्रिज बंद झाला. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. इतकी शांतता त्यानं कधी ऐकली नव्हती. बाबांच्या घरात ती नव्हतीच, आणि इथे तो आजवर फ्रिजचा आवाज ऐकत बसला होता.

त्यानं फॉर्मवरचे प्रश्न विचारले. मासिक कुठलं वाचतेस? कुठलंच नाही, आई म्हणाली. हॉस्पिटलात बाहेरच्या बाकावर जुनी पडलेली असतात, त्यांतली शब्दकोडी सोडवते, ती पण अर्धी आधीच कुणीतरी चुकीची भरलेली असतात. "मला ते आवडतं. आधी त्या माणसाची चूक शोधायची, मग आपलं." टीव्ही? नाही. रेडिओ? "दिवसभर मी कानांत सूर सोडते रे लोकांच्या. घरी मला कुणी काही सोडलेलं नको." तो लिहून घेत होता. फोन चालू असताना लिहायची गरज नव्हती, पण लिहिताना खाली बघता येतं.

"एकटं असताना सगळ्यांत जास्त काय जाणवतं?"

हा प्रश्न त्यानंच फॉर्ममध्ये घातला होता आणि एकोणसाठातल्या बावन्न जणांनी तो कोरा सोडला होता. आईनं छताकडे पाहिलं. "भूक," ती म्हणाली. "म्हणजे मला भूक कधी लागते ते. इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं. आठला सगळे जेवायचे म्हणून मी जेवायचे. मला चारला लागते. सपाटून. चारला मी बसून जेवते, मग रात्री काही नाही. हे कळायला मला पंचेचाळीसावं वर्ष लागलं."

"आणि एकटं वाटतं त्याचं काय करतेस?"

"वाटत नाही."

तो थांबला. पेनचं टोक कागदावर होतं, तिथे एक ठिपका मोठा होत गेला. "अजिबात?"

"आता तू मुलाखत घेतोयस म्हणून खरं सांगते. पहिले दोन महिने वाटायचं, तेही सवयीचं. मग नाही."

"आठवण वगैरे?"

"कुणाची?"

"कुणाचीही."

"तुझी येते," आई म्हणाली, आणि टॉवेलची घडी अंगठ्यानं सारखी करायला लागली. "पण ती एकटं असल्यामुळे नाही येत. तू आतल्या खोलीत बसलेला असायचास, कानात ते घालून, आणि मी बाहेर भाजी चिरायचे, तेव्हाही यायची."

बाहेर, लावलेल्या खिडकीपलीकडे, एक गाडी मागे घेताना वाजावी तशी वाजत होती. आवाज येऊ नये म्हणून खिडकी लावली होती तरी येत होता. तो मनाशी मोजत बसला, अकरा वेळा वाजून ती थांबली. त्याला काही वाटत नव्हतं असं नाही, पण जे वाटत होतं ते जरा लांब, काचेपलीकडे वाटत होतं, आणि त्याला फक्त माणसाचे ओठ हलताना दिसावेत तसं दिसत होतं. काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यानं कामाबद्दल विचारलं. कामाबद्दल आई मोकळेपणानं बोलली. म्हणाली, लोक दोन प्रकारचे. काही जणांना ऐकू येत असतं तरी बटण दाबत नाहीत. कारखान्यातली भरपाई, सुटी, काहीतरी असतं मागे. ते लगेच कळतं. "आणि काहीजण आवाज नसतानाच दाबतात. मी काही सोडलेलंच नसतं, आणि हा आत बसून दाबतोय, दाबतोय. लबाड नसतात हं ते. उलट फार चांगली माणसं असतात. त्यांना वाटतं, बराच वेळ झाला, आता नाही दाबलं तर आपण नापास होऊ. काचेतून बघतात माझ्याकडे, बरोबर आलं ना, असं."

"मग तू काय करतेस?"

"आत जाते. हेडफोन काढते. म्हणते, नाही आलं तरी चालतं. आणि पुन्हा पहिल्यापासून."

त्यानं फोन बंद केला. पिशवीतून फॉर्म काढून आईपुढे ठेवला. मॅडमनी मुलाखतीसाठी तो त्याच्याकडे दिला होता. "हा मी भरला," तो म्हणाला. "तू म्हणून. तुला न विचारता. आणि मॅडमना तोच आवडला."

आईनं वाचण्याचा चष्मा आणला. दोन्ही बाजू वाचल्या, मग पुढची बाजू पुन्हा वाचली. एका जागी तिचे ओठ हलले. तो सफरचंदाच्या बिया ताटाच्या कडेला ओळीत लावत होता.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली. "पण ही बाई मी नव्हे रे. अशी बाई मला भेटली असती तर मी म्हटलं असतं, बाई गं, जरा बाहेर पड, हवा खा." मग तिला हसू आलं, आणि ते आवरता येईना. "रविवारी संध्याकाळी मासिक उघडते! अरे, रविवारी संध्याकाळी तू गेलास की मी पळतच सुटते. पावणेसहाची बॅच असते माझी. पोहायला जाते मी. दीड वर्षं झालं. 'चल, तुला उशीर होईल' म्हणते ना, तो उशीर मला होत असतो."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस." हे ती टोमणा मारल्यासारखं म्हणाली नाही. रिपोर्ट वाचून दाखवावा तसं म्हणाली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसणं थांबलं. "लागलं?"

"नाही."

"लागलंय. लागू दे थोडं." तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, केसांवरून फिरवला नाही, नुसता ठेवला, तापात बघतात तसा. "पाण्याखाली गेलं ना, की काहीच ऐकू येत नाही. आपलं आतलंच येतं. मी पन्नाशीला आले आणि आत्ता तरंगायला शिकले. तिथे मला वाटतं, हे त्याला सांगायला पाहिजे. मग रविवार येतो आणि आपण मोज्यांचं बोलतो." तिनं घड्याळाकडे पाहिलं, आणि पाहिलं हे त्यानं पाहिलं, आणि दोघंही एकदमच उठली. ती पोहण्याची पिशवी शोधायला आत गेली. पिशवी दारामागेच लटकत होती, निळी, तळाशी ओल धरलेली. तो दर पंधरा दिवसांनी त्याच दारातून ये-जा करत होता. ह्या खेपेला जिना दोघांनी बरोबर उतरला. कोपऱ्यावर ती उजवीकडे वळली आणि भराभर चालत गेली, मागे न बघता, उशीर झालेली माणसं चालतात तशी. तो बसच्या थांब्यावर उभा राहिला. ते चित्र, टेबलाशी बसलेल्या बाईचं, त्यानं पुन्हा आणून पाहिलं. टेबल आलं, कमी होणारा उजेड आला, खुर्ची आली. खुर्चीत कुणी नव्हतं. त्याला हायसं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण त्याबरोबरच आपली कुठलीतरी ठेव कुणी न सांगता काढून घेतली असंही वाटलं, आणि बस आली तरी तो चढायचं विसरला. पुढच्या बसला वीस मिनिटं होती.

बुधवारी मॅडमच्या खोलीत त्यानं उभ्यानंच सांगितलं. त्या उत्तरपत्रिका तपासत होत्या. हातातली पूर्ण तपासून, गुण लिहून, मगच त्यांनी मान वर केली.

"किती फॉर्म असे?"

"एकच."

"आणि बाकीचे एकोणसाठ?"

"खरे आहेत, मॅडम."

"असणारच. इतके कंटाळवाणे खोटे फॉर्म कुणाला लिहिता येणार नाहीत." त्या हसल्या नाहीत. फॉर्म हातात घेऊन त्यांनी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "मला राग कशाचा येतोय, सांगू? मी हा घरी वाचून दाखवला. माझी बहीण एकटी राहते. तिला फोन करून वाचून दाखवला मी. ती रडली." त्यांनी फॉर्म उत्तरपत्रिकांखाली सरकवला. मग त्यांचा आवाज कोरडा झाला, नेहमीसारखा. संशोधनाचा सगळा भाग नव्यानं द्यायचा. गुण निम्मे धरले जातील, दोघांचेही, कारण काम दोघांचं आहे. त्याच्या नावावर लेखी ताकीद जाईल. आईची मुलाखत घ्यायला हरकत नव्हती, पण ती आई आहे असं आधी सांगायला हवं होतं. "आणि साठ म्हटलेत तर साठ. एक खरा फॉर्म शुक्रवारपर्यंत. नाहीतर एकोणसाठ म्हणा आणि का ते लिहा. निघा आता."

संपादकानं ऐकून घेतलं आणि पायरीवर बसला. "तोंड उघडायची काय गरज होती?" तो म्हणाला. "बाई गाव सोडून गेली म्हणायचं. आजारी पडली म्हणायचं. मेली म्हणायचं! तिला मारायला तुझं काय जात होतं?" मग संपादक उठून निघून गेला. संध्याकाळी फाटकाशी पुन्हा आला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "माझे गुण गेलेच आहेत. खोलीचं तरी नक्की ना?"

"नक्की," तो म्हणाला.

घरी पोचला तेव्हा बाबा नुकतेच आले होते आणि अंडी उकडत होते. त्यानं पिशवी टेबलावर रिकामी केली. एक कोरा फॉर्म वर होता. उद्या लाँड्रीत जायचं होतं. "आज एका बाईंनी काय केलं माहितेय?" बाबा गॅसपाशी उभे राहून सांगत होते. "लाल दिव्याला थांबल्या, हिरवा झाला, तरी थांबल्याच. म्हटलं, चला. म्हणाल्या, मागचा आधी जाऊ दे, त्याला घाई दिसतेय. म्हटलं, अहो, तो तुमच्या मागे आहे! ते मीठ दे. तुझ्या डाव्या हाताला. हं. हे काय, परीक्षा का?" त्यांनी फॉर्म उचलला.

"तुमच्यासाठी नाहीय तो, बाबा. एकट्या राहणाऱ्या लोकांसाठी आहे."

"बघू तरी." ते खुर्चीवर बसले, पेन घेतलं, आणि मोठ्यानं वाचत सुटले. "काय वाचता? वर्तमानपत्र. अपघाताच्या बातम्या. कुठल्या वळणावर झाला ते बघायचं, चूक कुणाची ते कळतं. लिहितो. कधी वाचता? संध्याकाळी जेवताना. कुणाबरोबर वाचता? मुलाबरोबर. मी वाचतो, तो ऐकतो." ते लिहीत होते, ठळक, एकेक अक्षर सुटं. तो बघत होता. गेल्या चार वर्षांत बाबांनी वाचलेली एकही बातमी त्याला आठवेना. आठवायचा त्यानं प्रयत्न केला, एखादं वळण, एखादा ट्रक, काहीही. "पहिला प्रश्न राहिलाच की. किती वर्षांपासून एकटे राहता?" बाबा हसले. "हा आपल्याला लागू नाही. तू आहेस." आणि त्यांनी तसं लिहिलं: लागू नाही.

पातेल्यात अंडी एकमेकांवर आपटत होती.

"बाबा," तो म्हणाला, "मी पुढच्या सत्रापासून खोली घेतोय. कॉलेजजवळ. मित्राबरोबर. महिनाभर सांगायचं होतं."

बाबांनी पेन खाली ठेवलं. ते काहीतरी सुरू करतील म्हणून तो वाट बघत होता. बरं होईल, दीड तासाचा प्रवास वाचेल, गाद्या कुठून घ्याव्यात, कुलूप कसं असावं, असं काहीतरी. बाबा उठले, गॅस बंद केला, पुन्हा येऊन बसले. फॉर्मकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"पहिल्या तारखेपासून."

"म्हणजे अजून दीड महिना." त्यांनी बोटावर मोजलं नाही, फक्त अंगठा बोटांवरून एकदा फिरवला. "मग हा आत्ता भरता येत नाही. आत्ता भरला तर खोटा होईल. तेव्हा भरू." फॉर्मची त्यांनी नीट घडी घातली, कडा जुळवून, आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मग टेबलावर दोन्ही हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं, रस्त्याकडे बघतात तसं नव्हे.

"खोली कशी आहे?" त्यांनी विचारलं, आणि गप्प बसून राहिले.